आधी ‘अहो’

आईची वाचा गेली तेव्हा बाबांनी तिच्यासाठी एक पेटी बनवली. वर बारा बटणं. एक दाबलं की ‘पाणी’, दुसरं दाबलं की ‘दुखतंय’, आणखी एक दाबलं की ‘पंखा बंद करा’. सगळं बाबांच्याच आवाजात. आतला प्रोग्रॅम फोर्थ नावाच्या म्हाताऱ्या भाषेत. कारखान्यातली यंत्रं बाबांनी आयुष्यभर त्याच भाषेत चालवली होती.

मी नव्या भाषांतली पगारी प्रोग्रॅमर. हसायचे.

“बाबा, ही भाषा आता कोण वापरतं?”

“मी वापरतो की! आणि तुझी आई तिच्यात बोलते. झाली दोन माणसं.”

मग शिवण सुटलेलं फोर्थचं जुनं पुस्तक उघडून त्यातल्या रुक्ष ओळी ते चालीवर म्हणायचे, ध्रुवपदासारख्या पुन्हा पुन्हा, आई हसेपर्यंत.

बाबा गेले. आई मात्र पहिलंच बटण दाबत राहिली: ‘अहो’. तिची बाबांना हीच हाक. रेकॉर्डिंग करताना स्वतःलाच हाक मारायची म्हणून बाबांना हसू फुटलं होतं. ते हसूही शब्दाच्या शेपटाला तसंच राहिलेलं. आई बटण दाबायची आणि दाराकडे बघत बसायची. मी दरवेळी सांगायचे, “आई, ते नाहीत गं आता.”

“दिवसातून पन्नास वेळा!” दादा म्हणाला. “माझ्याच्यानं ऐकवत नाही. एवढी शिकलीस ना? काढून टाक तो शब्द.”

“आणि बटणाचं काय करू?”

“तुझं नाव घाल. बाबा काही येणार नाहीत, तू तरी येशील.”

पटलं मला. खरं सांगायचं तर सुखावलेच. बारा बटणांत माझं एकही नव्हतं.

पुस्तक घेऊन बसले. फोर्थमध्ये आपण शब्द घडवतो, एकामागून एक रचत जातो. पहिली काही प्रकरणं पोरखेळ वाटली, ओलांडली. शब्द पुसायची आज्ञा शेवटच्या सूचीत मिळाली. ‘अहो’ पुसला आणि हाताच्या सवयीनं तो बदल लगेच सेव्हही केला.

आईनं ‘पाणी’ दाबलं. पेटी गप्प. ‘दुखतंय’ गप्प. बाराही बटणं गप्प. आई माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मग मी तिसरं प्रकरण वाचलं. या भाषेत एक शब्द पुसला, की त्याच्यानंतर घडवलेले सगळे शब्द त्याच्याबरोबर जातात. आणि तिथेच समासात बाबांची पेन्सिल: ‘पहिला शब्द झाला. मी पाणी हा शब्द आधी घेत होतो. हिनं मान हलवून नको म्हटलं, माझ्याकडे बोट केलं. आधी अहो.’

जिच्यापाशी एकच नाव उरलं होतं, तिचं तेच मी पुसायला निघाले होते. देवा, कसली ही माझी अक्कल!

आवाज वेगळ्या चिपमध्ये होते, तेवढे वाचले. शब्द मात्र नव्यानं घडवायचे होते. पहिल्या पानापासून शिकले, समासातली पुसट अक्षरं लावत, बाबांच्याच क्रमानं. एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस आई पलंगाच्या कडेवर बोटानं टकटक करायची आणि मी कधी उशी, कधी औषध, हमखास चुकीचंच काहीतरी घेऊन धावायचे. माझं नाव कुठेच घातलं नाही.

विसाव्या दिवशी पेटी तिच्या मांडीवर ठेवली. तहानली असेल म्हणून पाण्याचा पेला हातात धरूनच उभी राहिले.

तिनं पहिलं बटण दाबलं.

“अहो,” बाबा म्हणाले आणि हसले.

आई दाराकडे बघू लागली. नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पेला खाली ठेवला, तिच्याजवळ बसले आणि मीही दाराकडे बघू लागले.