दोन्ही बाजू सारख्या

आईनं स्वयंपाकघरातली खुर्ची फरफटत आणली, लेकीच्या खुर्चीला खेटून ठेवली आणि तिच्या हातातला माउस काढून घेतला.

"मलाही एक बाई बनवून दे," ती म्हणाली. "खेळायचंय मला."

लेकीचं घरातलं नाव भिंगरी. एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं, पण कॉम्प्युटरसमोर बसली की तासन्‌तास बूड हलायचं नाही. त्यातही गेम खेळणं कमी आणि त्यातल्या बाईला नटवणं जास्त. नाक जरा बसकं, भुवया जाड, केस जांभळे, मग पुन्हा काळे; तलवार हातात येईपर्यंत जेवायची वेळ व्हायची. लढाईला निघालीस की लग्नाला, असं आई विचारायची. त्यावर भिंगरीचं उत्तर ठरलेलं असे, की मनासारखं तोंड जगात एवढ्या एकाच ठिकाणी मिळतं, तर घाई कशाला करू?

हे सगळं आईच्या आजारपणाआधीचं. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आपसूक सांडलं, आणि संध्याकाळपर्यंत आईच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण हळूहळू, आणि किती ते सांगता येत नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर फ्रेमा बसवणारी बाई ती. गिऱ्हाइकांच्या नजरा तिनं पचवल्या. पण पोटची पोर तोंडाकडे बघेना, हे काही तिला पचेना. भिंगरी बोलायची आईशी आणि बघायची मिठाच्या बरणीकडे. आज जेवतानाही तेच झालं, तेव्हा आईनं ठरवलं की आता बास. चेहरा बनवायचा म्हटलं की या पोरीला चेहऱ्याकडे बघावंच लागेल. बघायला लावल्याशिवाय आज उठायचं नाही.

भिंगरीनं माउस परत घेऊन झटपट एक बाई उभी केली. टपोरे डोळे, सरळ नाक, गालाला खळी.

"ही कोण बया?" आई म्हणाली. "मी हवी मला."

"आई, गेममध्ये स्वतःसारखं कोण बनवतं?"

"मी बनवते."

आणि ती कामाला लागली. हनुवटी रुंद केली, केस विरळ केले, कपाळावर दोन आठ्या चढवल्या. कुठली पट्टी सरकवली की काय हलतं ते भिंगरी सांगत होती, पण नजर पडद्याला चिकटलेली. माझं नाक असंच आहे का बघ, असं आईनं दोनदा म्हणून पाहिलं. आहे, आहे, म्हणाली. मान काही वळली नाही. मग आईनं डावीकडचा ओठाचा कोपरा खाली ओढला, तर उजवाही खाली आला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. पडद्यावरची बाई नुसती रडवेली दिसायला लागली.

भिंगरीनं खालच्या आवाजात सांगितलं की कोपऱ्यात 'दोन्ही बाजू सारख्या' अशी एक खूण असते. ती आधीपासूनच असते, कुणी काढायला जात नाही.

"कुणाच्याच सारख्या नसतात," आई म्हणाली. "त्यापायीच तर रोज चष्म्याच्या काड्या वाकवत बसते मी."

तिनं खूण काढून टाकली आणि हट्टाला पेटली. ओठ खाली, पापणी खाली, गाल खाली. डावीकडच्या सगळ्या पट्ट्या टोकाला नेऊन भिडवल्या. ती बाई अर्धी खचल्यासारखी दिसू लागली. तरी आईनं माघार घेतली नाही.

"झालं. अशीच आहे ना मी?"

भिंगरीनं माउस घेतला. आईकडे मान न वळवताच तिनं ओठाचा कोपरा वर आणला, थांबली, अजून किंचित वर नेला. पापणी अर्ध्यावर आणली. गाल जवळजवळ होता तिथं नेऊन ठेवला. भुवई आईच्या लक्षातच आली नव्हती, ती मात्र तिनं हलकेच खाली घेतली.

आई बघत राहिली. रोज आरशात ओझरती दिसायची ती हीच. फक्त तिला वाटत होतं तेवढी वाईट नव्हती.

"न बघता कसं जमलं गं तुला?"

भिंगरी उगाचच केसांचे रंग बदलत बसली.

"कामावरून आल्यावर तू जरा पडतेस ना, तेव्हा बघते मी," ती म्हणाली. "रोज. किती सुधारलं ते."

"आणि जागी असते तेव्हा?"

"तेव्हा तू तोंडावर हात धरतेस."

आईनं बघितलं. उजवा हात मांडीवर होता. डावा गालावर होता, ओठापासून पार डोळ्याखालपर्यंत पसरलेला, आणि तो तिथं कधी गेला हे तिला ठाऊकच नव्हतं. दोन महिने ती पोरीवर मनातल्या मनात रुसून बसली होती, आणि पोर बिचारी तो हात बघून नजर दुसरीकडे नेत होती. आईला स्वतःचाच राग आला.

हात खाली घेणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. तिनं तो घेतला, मांडीखाली दाबून धरला आणि खुर्ची लेकीकडे वळवली.

"आता जागी आहे मी," ती म्हणाली. "भुवई नीट बघून कर."