घाट कसा दिसतोय?

साडू हे नातं तसं बिनकामाचं. दोन परके पुरुष, सासुरवाडी एक, म्हणून समोरासमोर आले की हसायचं, एवढाच काय तो संबंध. पण सासऱ्यांनी एकाला ‘या जावईबापू’ म्हणावं आणि दुसऱ्याला ‘अरे, इकडे ये जरा’, म्हणजे काय होतं ते व्हिडिओवाल्याला विचारा.

व्हिडिओवाला म्हणजे थोरला जावई. लग्नाचे व्हिडिओ काढायचे आणि कापून-जोडून द्यायचे हा त्याचा धंदा. दुकान सासऱ्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. धाकटा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होता. सकाळची पाळी, दुपारी मोकळा, आणि राहायला सासऱ्यांच्याच घरात. घरजावई म्हणा हवं तर. थोरला म्हणायचाच, फक्त बायको आसपास नसताना.

हा धाकटा रोज दुपारी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ट्रक चालवायचा खेळ खेळायचा. बरं, खेळायचं तर गुपचूप खेळावं की नाही? तर नाही, इंटरनेटवरून थेट लोकांना दाखवायचा. आणि लोक कामधंदे सोडून बघायचे. वर याची तोंडाची टकळी चालूच. आता चढ लागला, डावीकडे दरी आहे, कठडा तुटलाय, समोरून दुधाची गाडी येतेय, तिचा एक दिवा बंद आहे. थोरल्याला हसू यायचं. अरे बाबा, दिसतंय की सगळ्यांना! चालत्या चित्राचं कुणी वर्णन करत बसतं का?

पण अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, त्याचं भारी कौतुक. अण्णांची उभी हयात ट्रकवर गेली होती. आता गुडघे कामातून गेले, म्हणून ते आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसायचे आणि टीव्हीवर धाकट्याचा खेळ लावून घ्यायचे. खुर्ची टीव्हीला पार चिकटवलेली, मान तिरकी, एक कान पुढे. गियर चुकला की इकडे खुर्चीत त्यांचा डावा हात हलायचा. चहा आणून ठेवला तरी ते नजर काढायचे नाहीत. कप चाचपत उचलायचे. थोरल्याला ते बघवायचं नाही. पूर्वी दर शनिवारी तो आपला नवा व्हिडिओ घेऊन यायचा, अण्णा शेजारी बसवून घ्यायचे, आणि ‘इथं कापलंत ते झकास’ असं नेमक्या जागी म्हणायचे. त्या एका वाक्यावर त्याचा आठवडा निघायचा. मग हळूहळू ‘आज राहू दे, नंतर बघू’ सुरू झालं, आणि शनिवार बंदच पडला. कुणामुळे, हे सांगायला त्याला ज्योतिषी लागत नव्हता.

पोटात दुखत होतं त्याच्या, सरळ सांगायचं तर. धाकट्याचं नाव निघालं की जेवण कडू व्हायचं.

अशात धाकट्याच्या खेळात बिघाड झाला. कुणा हौशी माणसानं त्या खेळासाठी एक नवा रस्ता बनवला होता, आणि तो नेमका अण्णा वर्षानुवर्षं चढले-उतरले तोच घाट. धाकट्यानं तो शोधून आणला आणि जाहीर करून टाकलं की रविवारी दुपारी अण्णांच्या घाटातून गाडी जाणार. अण्णांचे जुने ड्रायव्हर मित्रही आपापल्या घरी बघणार होते. पण नवा रस्ता टाकल्यापासून गंमत अशी झाली की धाकट्याच्या समोर खेळ सुरळीत चालायचा, आवाजही नीट जायचा, बघणाऱ्यांना मात्र चित्र अडखळत दिसायचं. ट्रक इथं, मग एकदम तिथं. लोक वैतागले, कमी होऊ लागले. शेवटी अण्णांनीच निरोप धाडला की व्हिडिओचं तुमच्याइतकं कुणाला कळतं, जरा येऊन बघा.

थोरला गेला. खुर्चीत बसला, लोकांपर्यंत चित्र पोचवणाऱ्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामातले आकडे उघडले, आणि चहा यायच्या आत दुखणं त्याच्या हाताला लागलं. खेळानं सेकंदाला किती चित्रं काढायची, याला मर्यादाच घातलेली नव्हती. तो जमेल तितकी चित्रं काढत सुटायचा आणि कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड एकटाच खाऊन टाकायचा. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला पोटभर मिळतच नव्हतं, म्हणून तो चित्रं गाळत होता. खेळाच्या सेटिंगमध्ये एक मर्यादा घातली की काम फत्ते.

त्यानं ती घातली नाही. मान हलवली आणि म्हणाला, अवघड दिसतंय, बघावं लागेल.

मग काय, रोजची फेरी सुरू झाली. एके दिवशी वायर बदलली, एके दिवशी पंख्यातली धूळ काढली, एकदा सगळं खापर इंटरनेटवर फोडलं. धाकटा बिचारा मागे उभा राहून हो दादा, बरं दादा करायचा, आणि त्याचा उतरलेला चेहरा बघून थोरल्याला आतून गार वाटायचं. शिवाय अण्णा रोज आतून विचारायचे, जावईबापू आले का? कितीतरी दिवसांत कुणी त्याची अशी वाट बघितली नव्हती. बिघाड जाईल त्या दिवशी हे विचारणंही जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रविवार उजाडला तसा त्यानं वेगळा बेत केला. घाट धाकट्यानं आणला खरा, पण दिसणार तो माझ्यामुळे, आणि अगदी ऐन वेळी. गाडी निघायच्या जरा आधी तो कॉम्प्युटरसमोर बसला, मर्यादा घातली, इकडचं तिकडचं उघडून-मिटून पाहिलं, एकदा चित्र बंद ठेवून नुसता आवाज तपासला, आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, जा, पळव तुझी गाडी. धाकट्यानं दोन्ही हात धरून आभार मानले, हेडफोन चढवला आणि बडबड सुरू केली. थोरला आतल्या खोलीत गेला. त्याला आता फक्त एक वाक्य ऐकायचं होतं.

“अण्णा, घाट कसा दिसतोय?”

“वा!” अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा टीव्हीसमोर आणि डावा हात गियरवर होता. “लोण्यासारखा. तुमच्या हाताला यश आहे, जावईबापू. कठडा न् कठडा दिसतोय.”

थोरल्यानं टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही काळा होता. इंजिन घुमत होतं, धाकट्याचा आवाज येत होता, आणि पडदा अख्खा काळाकुट्ट. आवाज तपासताना प्रोग्रामात खेळाच्या नावापुढचं डोळ्याचं चिन्ह त्यानं बंद केलं होतं, ते उघडायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून अशी चूक!

ओठांवर आलेलं हसू तसंच राहिलं. टीव्हीला चिकटलेली खुर्ची, तिरकी मान, चाचपत उचललेला कप, ‘आज राहू दे, नंतर बघू’. आठवडाभर रोज या माणसाशेजारी बसून तो चहा प्यायला होता आणि त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. आणि धंदा काय, तर बघायचा.

“अण्णा,” तो म्हणाला, “टीव्हीवर काही नाही. काळा आहे.”

अण्णांचा हात थांबला. टीव्हीतून धाकटा सांगत होता की उजवीकडच्या कड्यावरून पाणी गळतंय आणि रस्ता तेवढ्यापुरता ओला आहे.

“दार लोटून घ्या,” अण्णा म्हणाले. “पोरींना बोलू नका. कळलं तर कोपऱ्यापर्यंतसुद्धा एकट्याला सोडणार नाहीत. बाहेर उजेडात कडेकडेचं थोडं दिसतं अजून. मधलं गेलं.”

“धाकट्याला सांगितलंत?”

“त्याला नाही सांगावं लागलं. त्यानं ओळखलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्यानं बोलत गाडी चालवायला लागला.”

घ्या! म्हणजे ती टकळी लोकांसाठी नव्हतीच. थोरल्याला धाकट्याचा हेवा वाटला, पण असा कधीच वाटला नव्हता. लोकांचा नाही, कौतुकाचा नाही, त्या ‘अरे’चाही नाही. त्यानं बघितलं आणि आपण बघितलं नाही, याचा. हा हेवा कुणापुढे बोलूनही दाखवता येण्यासारखा नव्हता.

तो बाहेरच्या खोलीत गेला. धाकटा वळणावर होता, लोकांचे ओरडणारे संदेश त्यानं पाहिलेच नव्हते. थोरल्यानं वाकून ते डोळ्याचं चिन्ह उघडलं. चित्र आलं, एकही धक्का नाही. मग धाकट्याच्या कानावरचा हेडफोन बाजूला करून तो हळूच म्हणाला, “मर्यादेचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.” धाकट्यानं रस्त्यावरून नजर न काढता मान हलवली. त्याला आधीच माहीत होतं की आत्ता कळलं, ते त्या मान हलवण्यावरून सांगता येईना. थोरल्यानं विचारलंही नाही.

शनिवारी तो एक लग्न घेऊन आला. अण्णा म्हणाले, ‘राहू दे’ म्हणत होतो ते यासाठीच, खोटं ‘झकास’ किती दिवस म्हणणार? थोरल्यानं खुर्ची ओढली, व्हिडिओ लावला आणि सांगायला तोंड उघडलं. क्लोजअप, म्हणाला. मग लाँग शॉट. मग अडला. त्याच्यापाशी एवढंच होतं.

“शॉट राहू दे रे,” अण्णा म्हणाले. “कोण आहे समोर?”

“मुलीचे वडील.”

“काय करतायत?”

हा तुकडा त्यानं स्वतः काढला होता, स्वतः कापला होता, किती वेळा पुढे-मागे करून पाहिला होता. आता तो पुढे वाकला आणि त्यानं त्या माणसाकडे पहिल्यांदा पाहिलं.

“हसतायत,” तो म्हणाला. “नाही, थांबा. हसतायत, पण हातातला रुमाल त्यांनी पार पिळून काढलाय.”

अण्णांनी तिरकी मान त्याच्याकडे वळवली.

“पुढे सांग,” ते म्हणाले.