ढगातून उतरलेला अजगर

शनिवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयात लग्न नसताना, मुंज नसताना आणि मुख्य म्हणजे जेवण नसताना तीनेकशे माणसं जमली, हा नभनाथ महाराजांचा पहिला चमत्कार. त्यातल्या एकानेही पंख्यांबद्दल तक्रार केली नाही, हा दुसरा. तिसरा चमत्कार बघायलाच सगळे आले होते: महाराज मोबाईलमधून उडालेले फोटो परत आणत.

कार्यालयाच्या दारात पाटी होती. 'चमत्कार दुपारी एक ते चार बंद राहतील. गेलेले केस, गेलेली नोकरी व गेलेला जावई यांची चौकशी करू नये.' शेजारी दक्षिणेची पेटी. दक्षिणा ऐच्छिक होती, फक्त पेटी पारदर्शक होती.

महाराज आभाळी रंगाच्या रेशमात बसले होते. त्यांच्या मागे पडदा, आणि पडद्यामागे तांदळाने भरलेले स्टीलचे डबे. भक्तांचे मोबाईल गोळा करून या डब्यांत पुरायचं काम संतोष नावाच्या शिष्याकडे होतं. चाळिशी ओलांडलेला, गोलमटोल, कपाळावर निळा टिळा. भक्तांनी मोबाईल देताना तो उघडून द्यायचा, कुलूप काढून, ही एकच अट.

"देवाला कुलूप उघडता येत नाही होय?" आमच्या सोसायटीचे चेअरमन बापूराव यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. तेव्हा ते अजून पुणेकर होते.

"येतं हो," संतोष म्हणाला, "पण परवानगीशिवाय देव कुणाच्या घरात शिरत नाही."

या उत्तरावर बापूराव निम्मे विरघळले. उरलेले निम्मे पाऊण तासाने विरघळले, कारण चुकून पुसलेले नातवाच्या बारशाचे सगळे फोटो तांदळातून परत आले. त्यात बापूरावांचा जिलबी खातानाचा फोटोही होता, जो त्यांनी मुद्दाम पुसला होता. त्यांना मधुमेह आहे. घरी त्यावरून जे झालं ते झालं, पण श्रद्धा अढळ राहिली.

महाराजांचं प्रवचनही ऐकण्यासारखं असे.

"फोटो मरत नाही, बाळांनो. तो फक्त देह सोडतो. देह म्हणजे काय? हँडसेट. मग फोटोचा आत्मा कुठे जातो? वर. क्लाउडमध्ये. आणि वर सत्ता कोणाची?"

"आपलीच, महाराज," पुढच्या रांगेतून आवाज आला.

"नाही रे बाबा. माझी नाही. माझी फक्त ओळख आहे."

पुण्यात सत्तेपेक्षा ओळखीला मान. सभागृह हेलावलं.

आता आमच्या शेजारच्या शालनताईंबद्दल सांगायला हवं, कारण तेवढ्या एकट्या तिथे गंमत बघायला आल्या नव्हत्या. त्यांचे यजमान सीताराम गेल्या वर्षी गेले. कात्रजच्या दूध डेअरीत उभी हयात काढलेला माणूस, बोलायला काटकसरी. फोटोला उभा राहिला की पासपोर्ट ऑफिसात उभा असल्यासारखा चेहरा करायचा. त्यांचा बोलता, हलता असा एकच व्हिडिओ शालनताईंकडे होता. शालनताईंच्या फोनवर 'जागा संपली' असा इशारा आला, म्हणून त्या सकाळच्या शुभेच्छांची गुलाबाची फुलं पुसायला बसल्या, आणि फुलांबरोबर सीतारामही पुसले गेले. हे त्यांना कळलं, तेव्हा बरेच आठवडे उलटून गेले होते.

त्यांचाही मोबाईल तांदळात गेला. बापूरावांच्या नातवाला पाऊण तास लागला होता, सीतारामांना दोन तास झाले. मग संतोष घामाघूम होऊन पडद्याबाहेर आला आणि महाराजांच्या कानाशी लागला. महाराजांनी डोळे मिटले.

"जड आत्मा आहे, ताई. यजमान मितभाषी होते का?"

"हो," शालनताई म्हणाल्या.

"म्हणूनच. हाक मारली तर ओ देत नाहीयेत. फोन बंद करा. पिवळ्या कापडात बांधा, देव्हाऱ्यात ठेवा, रोज उदबत्ती दाखवा. पुढच्या पौर्णिमेपर्यंत गाठ सोडायची नाही. मध्येच उघडलात तर ते कायमचे गेले."

आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर आम्रपाली राहतात. डोळ्यांच्या डॉक्टर. त्यांना ही हकीकत मी जिन्यात सांगितली, तेव्हा त्या हसतील अशी माझी अपेक्षा होती. त्या हसल्या नाहीत. त्या तडक शालनताईंच्या दारात गेल्या.

"व्हिडिओ पुसला कधी, आठवतं?"

"कसं विसरेन? संक्रांतीच्या आदल्या दिवशी. तिळगुळाचे फोटो यायला लागले म्हणून तर जागा संपली."

डॉक्टरांनी बोटं मोजली. "शालनताई, पुसलेलं लगेच जात नाही. ते आधी केराच्या टोपलीत जाऊन पडतं. ती टोपली तुमच्या फोनमध्ये नाही, कंपनीच्या कॉम्प्युटरवर आहे. त्यालाच हे लोक क्लाउड म्हणतात. दोन महिने कचरा तिथे तसाच राहतो, मग आपोआप जळतो. तुमचा फोन कापडात झोपला म्हणून टोपली झोपत नाही. तुमची पौर्णिमा येईल, पण व्हिडिओ त्याच्या आधीच जाईल. आत्ता उघडा."

शालनताईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. पिवळं गाठोडं गणपतीच्या शेजारी बसलं होतं.

"आणि तुमचं चुकलं तर?"

"मला वाटतं, चुकणार नाही."

"वाटतं," शालनताई म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही माझा मोतीबिंदू काढलात. तुमच्यावर विश्वास आहे. पण त्यांनी बापूरावांचं बारसं आणून दाखवलंय. तुम्ही काय दाखवलंत?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या गुरुवार, उद्या दाखवते. गाठोडं घेऊन या. सोडायचं की नाही, ते तिथे तुम्ही ठरवा."

गुरुवारी शालनताई गाठोडं घेऊन आल्या आणि डॉक्टर रीतसर रांगेत उभ्या राहिल्या. कपाटात पडून असलेला एक जुना मोबाईल त्यांनी संतोषच्या हाती दिला आणि महाराजांना नमस्कार केला.

"आजोबांचा फोटो हवाय."

महाराजांनी डोळे मिटले. "दिसतायत. सात्त्विक चेहरा. अंगानं चांगले धिप्पाड. नजर स्थिर. बोलत नाहीत, पण तुझ्याकडेच बघतायत, बाळ."

तासाभराने तांदूळ झटकत मोबाईल आला. त्या दिवशी महाराजांनी भक्तांच्या सोयीसाठी भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता आणि परत आलेले फोटो त्यावर दिसत. आधी कुणाचं साखरपुड्याचं ताट आलं, मग कुणाची स्कूटर. त्यानंतर डॉक्टरांचे आजोबा आले.

तो कात्रजच्या सर्पोद्यानातला अजगर होता. वेटोळं घालून बसलेला. धिप्पाड होता, नजरही स्थिर होती, हे महाराजांच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

मला वाटलं, महाराजांचं संपलं. इतकी वर्षं पुण्यात राहून मला पुणं कळलं नाही, ते असं. बापूराव उठून उभे राहिले, त्यांनी टोपी काढली आणि टीव्हीला हात जोडले.

"आजोबा नागरूपाने आले."

मागच्या दोन रांगा गुडघ्यांवर बसल्या. कुणीतरी दूध आणायला धावलं.

"माझे आजोबा बौद्ध होते," डॉक्टर म्हणाल्या. "पुनर्जन्म त्यांनी मानला नाही. मानला असता तरी कात्रजला जागा घेतली नसती. त्यांना शहराबाहेर राहणं आवडायचं नाही."

"मृत्यूनंतर मतं बदलतात, मॅडम," बापूराव सौजन्याने म्हणाले.

"बापूराव, या फोनमध्ये आजोबांचा फोटो कधी नव्हताच. काल संध्याकाळी हा एकच फोटो टाकला आणि पुसला. टोपलीत होता तो आला. टोपलीत जे असतं तेच येतं. अहो, तुमचा फोन द्या पाहू. नको, तुमच्याच हातात राहू दे. एखादा फोटो पुसा."

बापूरावांनी घाबरत घाबरत जिलबीचा फोटो पुसला. त्यांना तो तसाही पुसायचाच होता.

"आता खाली कोपऱ्यात टोपलीचं चित्र दिसतंय? दाबा. आली जिलबी? तिच्यावर बोट ठेवा. आता 'रिस्टोअर' दाबा."

जिलबी परत आली. तांदूळ नाही, पडदा नाही, मिटलेले डोळे नाहीत. बापूराव स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर बाई उठल्या आणि बापूरावांच्या पाया पडल्या.

"सिद्धी आली हो यांना," त्या म्हणाल्या.

बघता बघता बापूरावांपुढे रांग लागली. चेअरमनपदाच्या अकरा वर्षांत पाण्याच्या तक्रारींशिवाय त्यांच्यापुढे रांग लागली नव्हती, त्यामुळे दोन-तीन आशीर्वाद त्यांनी देऊनही टाकले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, मग खुर्चीवर चढल्या.

"पाया कुणाच्या पडताय? आपापले फोन काढा. सगळ्यांनी. एक फोटो पुसा, टोपली उघडा, परत आणा."

पाच मिनिटं तीनशे माणसं माना खाली घालून चमत्कार करत होती. एक आला, दुसरा आला, "अगं, माझाही आला," असं करत सगळं सभागृह सिद्धपुरुषांनी भरलं. आता प्रत्येकालाच सिद्धी असल्यामुळे पाया पडायला कुणी उरलं नाही. बाबा लोकांचा धंदा असाच बसतो. त्यांची विद्या सगळ्यांना आली की ती विद्या राहत नाही, नुसती माहिती होते.

महाराज मंचावरून म्हणाले, "मी निमित्तमात्र आहे, हे मी आधीपासून सांगत होतो."

"मग शालनताईंच्या वेळी निमित्त कुठे गेलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "संतोष, तुम्ही सांगा. त्यांचा व्हिडिओ टोपलीतच असणार. का नाही काढलात?"

संतोषने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी आभाळाकडे, म्हणजे कार्यालयाच्या पत्र्याकडे पाहिलं.

"मॅडम," संतोष अखेर म्हणाला, "त्यांचा फोन मराठीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळा मराठीत. मी मोबाईलच्या दुकानात बारा वर्षं काढली, असा फोन नाही बघितला. आपल्याला 'ट्रॅश' माहीत, 'रिस्टोअर' माहीत. तिथे लिहिलंय 'पुनर्संचयित करा'. मी म्हटलं, हे दाबलं आणि बॅंकेतलं काही गेलं तर? दोन तास झगडलो. मग महाराज म्हणाले, पौर्णिमा सांगू."

सभागृहात कुणीतरी हसलं. शालनताई हसल्या नाहीत.

"फोन मी मराठीत ठेवलाय," त्या सावकाश म्हणाल्या, "कारण मला मराठी येतं."

त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं. गाठीवर हात ठेवून त्या क्षणभर थांबल्या. महाराजांचा शब्द अजून त्या गाठीत होता आणि तो खरा ठरला असता तर गमावणारी बाई ती एकटीच होती. डॉक्टर पुढे झाल्या नाहीत. शालनताईंनी गाठ सोडली, मोबाईल सुरू केला, चष्मा लावला आणि एकेक शब्द वाचत गेल्या. टोपलीत शेपन्नास गुलाब होते. त्यांच्यामध्ये एक करडा चौकोन होता, आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: दोन दिवस शिल्लक.

त्यांनी 'पुनर्संचयित करा' दाबलं.

सीताराम बाथरूममध्ये उभे होते, बनियनवर. इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या दिवशीचा व्हिडिओ होता तो. नव्या गीझरचं बटण दाखवत होते. "हे आधी लावायचं. मग दहा मिनिटं थांबायचं. लगेच नळ सोडायचा नाही. लाल दिवा गेला की मग. शालन, ऐकतेस का? तुझं लक्ष नाहीये."

"आहे हो लक्ष," शालनताई फोनला म्हणाल्या.

मग त्यांनी तो व्हिडिओ मुलाला पाठवला, सुनेला पाठवला, डॉक्टरांना पाठवला आणि मलाही पाठवला, म्हणजे तो आता पाच ठिकाणी आहे. हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

महाराज मागच्या दाराने गेले. त्यांच्यावर चिडावं असं मला वाटेना, चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. जी माणसं भाजीवाल्याला सुट्टे पैसे परत मागतात, ती आपला उघडा मोबाईल, त्यातली बॅंक, घरचे निरोप, सगळं अनोळखी माणसाच्या हाती देऊन निवांत बसली होती. त्यांच्यातला एकही मूर्ख नव्हता. फोटो परत आला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते खरंच होतं. कसा आला, एवढाच प्रश्न विचारायचा राहिला होता.

तेवढा विचारा. समोरचा रागावला तरी विचारा. रागावला तर जरा जास्तच विचारा. टोपली एकदा रिकामी झाली की त्यातलं कोणीही परत आणू शकत नाही, महाराज नाही, डॉक्टर नाही, कंपनीही बहुधा नाही. म्हणून जे आपल्या माणसाचं आहे त्याची आणखी एक प्रत आजच कुठेतरी ठेवा. आणि गेलंच, तर कुणी सांगितलेल्या पौर्णिमेची वाट बघू नका. आधी स्वतः उघडा आणि काय लिहिलंय ते वाचा.