झाकायचं नाव

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये मला माघारी सगळे 'तोफ' म्हणतात. म्हणोत बापडे. खुनाच्या त्या गाजलेल्या खटल्याचे सरकारी कागद दुसऱ्या दिवशी लोकांसाठी खुले व्हायचे होते, आणि साहेबांनी उंटावरून शेळ्या हाकत ते काम आमच्या गळ्यात मारलं होतं. काम दोघांचं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने झेरॉक्सवर मार्करने नावं काळी करायची. साक्षीदारांची झाकायची, मयत मुलीचंही झाकायचं. आरोपीचं उघडं. मुलीचं उघडं हवं असेल तर घरच्यांनी तशी सही द्यायची.

माझा जोडीदार दाढ धरून घरी बसला होता, आणि नेमकी मुलीची आई आली. सही करायलाच आली होती.

"त्या मेल्याचं नाव पानोपानी, आणि माझ्या लेकीच्या जागी काळं? नाही ताई. उघडंच ठेवा."

"आधी कागद ऐकून तर घ्या," मी म्हटलं. एरवी कामात कुणी लुडबुड केली की माझं डोकं फिरतं, पण या बाईपुढे आवाज चढेना.

"वाचा ना. घरात तिचं नाव कुणी काढत नाही हो. मी आले की नणंदा, जावा सगळ्या गप्प होतात. मला जपतात बिचाऱ्या. पण मी ते नाव ऐकायला तरसलेय."

ती जोडीदाराच्या खुर्चीत बसली. पहिल्या पानावर नाव आलं तशी चक्क हसली. मैत्रिणीच्या जबाबातही हसली. मग शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि मी थांबले.

"वाचा," ती म्हणाली.

वाचलं. नाव, आणि पुढे गळा. नाव, आणि पुढे नखं. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"हे उद्या सगळे वाचणार?"

"वाचणार. टीव्हीवर मोठ्याने वाचणार. त्यांच्या जिभेला काही हाड नाही."

मग तिने मार्कर उचलला.

"झाकू या. असल्या वाक्यांत नको ती. तुम्ही वाचा, मी झाकते."

नियमात बसत नव्हतं. नियम गेला चुलीत. मी वाचत गेले आणि ती काळं करत गेली, झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तसं, हळूच, कडेपर्यंत.

शेवटचं पान संपलं. ती उठेना.

"ताई, एकदा नुसतं नाव घ्या. मागचं पुढचं काही नको. ताट वाढलंय आणि ती आतल्या खोलीत आहे, तसं."

मी उठले, दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली.

"असं नाही," आई म्हणाली. "शेवटी जरा लांबवायचं. त्याशिवाय ती यायचीच नाही."

मी लांबवून पुन्हा हाक मारली.