तुळशीखालची कडी

कर्वेनगरातल्या त्या बंगल्यांच्या ओळीमागे एक अरुंद पट्टी आहे. तिच्याखालून सगळ्या ओळीची ड्रेनेज लाइन जाते, म्हणून तिथे काही बांधायचं नाही असा नियम. नियम सगळ्यांना पाठ होता आणि पट्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाची सायकलींची शेड, कुणाच्या कुत्र्याचं घर. शर्मिलाने धुण्याची मोरी बांधली होती, वर पत्रे घालून, नळ घेऊन. ती मात्र गेल्या वर्षी पाडली गेली, कारण शेजारच्या यज्ञेश्वररावांनी महापालिकेत तक्रार केली. यज्ञेश्वरराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून इतरांना नियम शिकवण्याचा पूर्णवेळ उद्योग करत. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

त्यांच्या स्वतःच्या पट्टीत तुळशीवृंदावन होतं. पण वृंदावन म्हणजे काही बांधकाम नव्हे, असं त्यांचं मत होतं आणि त्यांच्या मतावर अपील नसे.

वृंदावन खरं तर त्यांच्या बायकोचं, श्यामलाबाईंचं. घरात मूलबाळ नव्हतं. कन्यादान आपल्याही हातून व्हावं म्हणून त्या दर कार्तिकात तुळशीचं लग्न लावत, आणि हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, त्यांच्यासाठी ती मुलगीच होती. मुलीला कुंडीतून पक्क्या घरात हलवायला त्यांनी गवंडी बोलावला, तेव्हा तो मागची जागा बघून खूश झाला होता. "आयता चौथराच हाय की, बाई! आन् ही कडीबी हाय, मांडव बांधायला." चौथऱ्याच्या कडेला खरंच एक लोखंडी कडी होती. उसाचा मांडव दर वर्षी तिलाच बांधला जाई.

यंदा नेमकं लग्नाच्या दिवशीच शर्मिलाच्या न्हाणीघरातून घाण पाणी उलटं वर यायला लागलं. लाइन तुंबली होती. घरात तिची सासू, आनंदीबाई, मांडीचं हाड मोडून पडलेली. महापालिकेची माणसं आली, पण चेंबर सापडेना. सायकलींची शेड हलवली, कुत्रं बाहेर काढलं, पहारी आपटून झाल्या.

श्यामलाबाई वृंदावनापाशी बसून ऊस बांधत होत्या. कुंपणापलीकडून मुकादम ओरडला, "अरे, चौकोनी झाकण असंल! लोखंडी कडी असती त्याला. कडी बघा!"

श्यामलाबाईंची बोटं कडीवरच होती.

आपली मुलगी इतकी वर्षं गटाराच्या झाकणावर उभी होती! त्यांना हसू आलं, पण क्षणभरच. आता हे वृंदावन फोडणार. आजच, अंगाला हळद लागलेली असताना. संध्याकाळपर्यंत गप्प बसलं तर? एकदा अक्षता पडू देत, मग काय फोडायचं ते फोडा. कुणाला काही कळणार नव्हतं.

पलीकडून आनंदीबाईंचा आवाज आला, "अगं, माझ्या पलंगाखाली आलं गं पाणी!" शर्मिला एकटीच बादल्या भरून बाहेर फेकत होती. श्यामलाबाईंनी सुतळीची गाठ सोडली.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "कडी इथे आहे."

यज्ञेश्वरराव चप्पल न घालताच धावत आले. "खबरदार! ही तुळस आहे. हे बांधकाम नाही."

"खाली विटा आहेत, वरून सिमेंट आहे. मग काय आहे हे?"

"श्रद्धेचा प्रश्न आहे, श्यामला."

"शर्मिलाच्या मोरीत तुम्हाला नियम दिसला. आपल्या दारात श्रद्धा दिसते होय?"

लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याला असं कधी बोलल्या नव्हत्या. यज्ञेश्वरराव वृंदावनापासून बाजूला झाले. या मतावरही अपील नव्हतं.

श्यामलाबाईंनी मुळांना धक्का न लावता तुळस काढून बादलीत घेतली. वृंदावन फुटायला वेळ लागला नाही. झाकण उचललं, बांबू घातले, आणि तुंबलेलं सगळं गडगडत गेलं. लोक हुश्श करत घरी गेले. श्यामलाबाई बादली कवटाळून पायरीवर रडत बसल्या.

हात स्वच्छ धुऊन शर्मिला कुंपणाशी आली. "काकू, उठा. मुहूर्त चुकवायचा नाही. इथे वास मारतोय, आमच्या पुढच्या व्हरांड्यात लावू लग्न. बाळकृष्ण आमचा, म्हणजे मुलाकडचे आम्ही."

संध्याकाळी व्हरांड्यात अंतरपाट धरला. यज्ञेश्वररावांनी मंगलाष्टका म्हटल्या, दोनदा घसा खाकरून. अक्षता पडल्या, आनंदीबाईंनी पलंगावरूनच टाळ्या वाजवल्या, चुरमुरे वाटून झाले. श्यामलाबाई बादली उचलायला वाकल्या, तेव्हा शर्मिलाने हळूच त्यांचा हात धरला.

"राहू दे तिला इथेच, काकू. तुमच्याकडे आता जागा कुठे आहे? आणि लग्न झालंय तिचं."

ती चेष्टेत म्हणाली होती. पण फाटकापर्यंत रिकाम्या हातांनी येताना श्यामलाबाईंचं पाऊल रेंगाळलं. यज्ञेश्वररावांनी नेहमीसारखं काही तिरकस बोलायचं ठरवलं, ते जमलं नाही.

"दर वर्षी लग्न लावलं," ते म्हणाले. "पाठवणी आजच केली."

श्यामलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मागे वळल्या.

"शर्मिला, सकाळी पाणी घाल हं तिला. पण बेताने घाल. जास्त सोसत नाही गं तिला."