सासूबाईंचे हात

माझं पहिलं पोर पोटातच गेलं, त्याच आठवड्यात सासूबाईंनी आमचा लग्नाचा फोटो कात्रीने कापला. त्यांचा लेक ओग्न्येन तेवढा चौकटीत ठेवला आणि मला चुलीत घातलं. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, चौकट लहान होती." चौकट तीच होती! नवरा म्हणाला, "जाऊ दे गं दुन्या, आईचं मनावर घेऊ नकोस." मी मनावरच घेतलं. या बाईला अशीच पुसून टाकीन, आणि तेही चारचौघींसमोर, असं तेव्हाच ठरवलं.

मग व्हुकाशिन झाला. तान्ह्याचा फोटो लगेच काढावा लागतो, नंतर ते पोटातल्यासारखं मुटकुळं करून झोपत नाही. आमच्या झायेचार गावात मात्र चाळीस दिवस बाहेरच्या कुणी पोराचं तोंड बघायचं नाही. सासूबाई दारात आडव्या. "फोटोवाली घरात येणार नाही!"

मी आवाजात साखर घातली. "आई, तुम्हीच धरा ना त्याला फोटोत. तुमच्यासारखे सरावलेले हात कुणाचे आहेत?"

झालं! बाई विरघळल्या.

फोटोवाली यास्ना माझी शाळेतली मैत्रीण. तिच्या फोटोंत तान्ही पोरं मुठींवर हनुवटी टेकून झोपलेली दिसतात. तान्ह्याला मान कुठली सावरायला? कुणीतरी त्याचं डोकं धरून बसतं, आणि यास्ना नंतर संगणकावर त्या माणसाला पुसून टाकते. हे सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगू दिलं नाही.

उघड्या पोराला गारठा नको म्हणून सकाळपासून शेगडी पेटवली. त्याला पोटभर पाजलं. केस वाळवायचं यंत्र नुसतंच घूं घूं चालू ठेवलं, त्या आवाजाने तो लगेच पेंगला. सासूबाई केस सेट करून आल्या होत्या, लिपस्टिक लावली होती, गळ्याशी ठेवणीतली पिन.

"यास्ना, माझी ही बाजू चांगली येते हं!"

यास्नाला खोकल्याची उबळ आली. मी तिला कोपर मारलं.

किती वेळ बाई वाकून बसल्या होत्या! पोराने त्यांच्या रेशमी ब्लाउजवर शू केली, तरी हलल्या नाहीत. श्वाससुद्धा बेताने घेत होत्या, त्याची झोप मोडेल म्हणून. मला क्षणभर कसंतरी झालं. मग कात्री आठवली आणि बरं वाटलं.

चाळीस दिवस सरले, गल्लीतल्या बायका बाळ बघायला आल्या. 'मी आणि नातू' असा फोटो आहे, हे सासूबाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. मी तो कुणाला न दाखवता झाकून ठेवला होता; वरचं फडकं त्यांनीच ओढलं.

"स्तामेंका, तू कुठेयस गं यात?" शेजारच्या पेर्साने विचारलं.

सासूबाईंनी चष्मा लावला. फोटोत एकटा व्हुकाशिन होता. त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"आई, चौकट लहान होती," मी म्हटलं.

काय सुख वाटलं म्हणून सांगू! त्यांचा चेहरा उतरत होता आणि मी डोळे भरून बघत होते.

बायकांना काय त्याचं! "काय देखणा आहे!" "काय ओठ, काय पापण्या!" सगळ्या फोटोभोवती, आणि पोर मागे पाळण्यात जागं. मग पेर्साने एकदम तोंडावर हात ठेवला. तान्ह्या पोराला आमच्यात कुणी देखणं म्हणत नाही. 'थू थू, किती कुरूप' असंच म्हणायचं, नाहीतर दृष्ट लागते. चित्राच्या नादात सगळ्या विसरल्या होत्या. अशा वेळी घरातली थोरली बाई पोराजवळ जाऊन त्याला कुरूप म्हणते आणि निभावून नेते. सगळ्या सासूबाईंकडे बघू लागल्या.

त्या खुर्चीत बसल्या.

"अगं, म्हण की लवकर!" पेर्सा म्हणाली.

"मी कशाला? मी त्यात आहे का कुठे?"

मी असलं काही मानत नाही. कधीच मानलं नाही. पण कुणी बोलेना, आणि माझं एक पोर गेलंय. मी धावले, त्याला उचललं.

"थू थू, कसलं घाणेरडं! कसलं कुरूप कार्टं!" एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं. पुरेसं झालं असं वाटेचना. आवाज चिरकला, पोर घाबरून रडायला लागलं, तरी मी म्हणतच राहिले.

सासूबाईंनी ताटलीत आक्रोडाचा केक घेतला आणि सावकाश खाऊ लागल्या.