मागच्या सीटवरचं वजन

धाकटी गाडी घेऊन परत आली तेव्हा मी शटर अर्धंच उघडलं होतं. हल्ली अर्धंच उघडतो. पूर्ण उघडलं की लोकांना वाटतं, माणूस कामाला लागलाय.

"भावोजी, बाहेर या," ती शटरखालून वाकून म्हणाली. "तुमच्या नव्या डब्यानं माझी अब्रू काढलीय."

धाकटी म्हणजे माझी मेव्हणी, बायकोच्या पाठची. बॅटरीवरची तीनचाकी रिक्षा चालवते. तिचा जुना कंट्रोलर जळाला, म्हणून मी नवा बसवून दिला होता. ड्रायव्हरच्या सीटखाली ॲल्युमिनियमचा डबा असतो, तो कंट्रोलर. हाताने ॲक्सिलरेटर किती पिळला ते तो बघतो आणि बॅटरीतून मोटरला तेवढीच वीज सोडतो. गाडी अंगात आल्यासारखी उडी मारणार की शहाण्यासारखी निघणार, ते त्याच्यावर असतं.

"अजून झटका मारते?" मी विचारलं.

"मारते. काल एका बाईची पिशवी पडली. आणि वर चढ चढत नाही. मागून सायकलवाला म्हणतो, काकू, धक्का देऊ का?"

माझ्याच्यानं हसवलं नाही. झटका बसतो म्हणून ती आधी आली, तेव्हा मी गाडीची सुरुवात हळू केली होती. पुन्हा आली, अजून हळू केली. आता गाडी आजारी माणसासारखी उठत होती आणि झटका होता तिथेच होता.

"आज दुपारी आईला सोडतायत," ती म्हणाली.

हे मी विसरलो नव्हतो. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आत नवा सांधा बसवलाय. डॉक्टरांनी धाकटीला दोनदा बजावलं होतं, घरी नेताना हिसका बसता कामा नये, सांधा निसटला तर परत टेबलावर घ्यावं लागेल. आणि या वयात परत टेबलावर म्हणजे काय, ते कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

"ॲम्ब्युलन्स सांग," मी म्हणालो.

"सांगितली होती. म्हणते, माझी थोरली त्यातून गेली आणि परत आली नाही. मी त्यात पाय ठेवणार नाही. न्यायचं तर लेकीच्या गाडीतून न्या, नाहीतर इथेच राहू द्या."

थोरली म्हणजे माझी बायको. मी पाना शोधायला आत गेलो. पाना माझ्या खिशातच होता.

नवा कंट्रोलर बसवताना मी काही कसूर केली नव्हती. बॅटरी सोडवली. मोटरच्या तीन जाड वायरी, पिवळी पिवळीला, हिरवी हिरवीला, निळी निळीला, नट घट्ट. मागची चाकं जॅकवर उचलून धरली आणि शिकवायच्या दोन पांढऱ्या वायरी एकमेकींना जोडल्या. त्या जोडल्या की चाकं आपोआप फिरायला लागतात आणि डबा मोटर ओळखून घेतो. उलटी फिरली तर वायरी सोडून परत जोडायच्या. माझी बायको हे बघून दर वेळी म्हणायची, "बघा, याला दोनदा सांगितलं की कळतं. नाहीतर आमच्या घरात."

बसवून झालं की खरं काम सुरू होतं. मोबाइलवर कंट्रोलरचे आकडे दिसतात, ते कमीजास्त करायचे आणि गाडी फिरवून बघायची. रिकामी गाडी फिरवून काही समजत नाही. मागे वजन लागतं. आमच्याकडे ते वजन म्हणजे ही. मांडीवर स्टीलची थाळी आणि थाळीत सोललेले वाटाणे घेऊन ती मागे बसायची. घरातलं कामही व्हायचं. वाटाणा थाळीबाहेर उडाला की ती माझ्या मानेमागच्या लोखंडी दांड्यावर थाळीची कड आपटायची. टण्. मी गाडी थांबवून आकडा बदलायचा, परत फिरायचं. टण् वाजेनासं झालं की गाडी गिऱ्हाइकाला द्यायची. गल्लीतले लोक विचारायचे, नवराबायको रोज कुठे फिरायला जाता? ती म्हणायची, "यांची परीक्षा घ्यायला."

आता मी मागे वाळूची पोती ठेवतो. तिच्याएवढ्या वजनाची भरली होती, मग तो विचारच नको म्हणून एक जास्त टाकलं.

धाकटी उभी होती, म्हणून पोती चढवली आणि गोदामाच्या भिंतीकडेच्या चढावर गाडी नेली. निघालो, थांबलो, वळलो, परत निघालो. मला काही जाणवलं नाही. खाली आलो तर धाकटी कमरेवर हात ठेवून उभी.

"काय म्हणाली पोती?"

"मस्करी नको."

"मस्करी नाही. पोतं बोलणार का तुम्हाला, झटका बसला म्हणून?"

"मला तर बसत नाही."

"मलाही नाही बसत. पण मागे बसणारा प्रत्येक जण ओरडतोय. सगळे खोटे आणि आपण दोघं खरे?"

मी खाली बसलो, फुटपाथच्या कडेला. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. झटक्याचा नाही, सगळ्याचाच. सकाळी उठायचं, शटर उचलायचं, लोकांच्या गाड्या. धाकटीला सांगावं, दुसरीकडे दाखव, असं ओठांवर आलं होतं. पण दुपारी सासूबाईंना सोडणार होते, आणि दुसरा कोणी आज हात लावणार नव्हता.

"ताई असती तर मागे बसली असती," धाकटी म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती माझ्याशेजारी येऊन बसली. गाडीतल्या पोत्यांकडे बघत म्हणाली, "तुम्ही बसा ना मागे."

"मी?"

"मग काय मी एकटीच पुढे पण आणि मागे पण? मी चालवते. तुम्ही बसा. कधी बसलायत का मागे?"

नव्हतो बसलो. इतक्या गाड्या केल्या, मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. मागे तिची जागा होती.

पोती उतरवली आणि मी बसलो. मागून जग वेगळं दिसतं. रस्ता दिसत नाही. चालवणाऱ्याची पाठ दिसते, आणि बाजूनं घरं मागे जाताना दिसतात. धाकटीनं गाडी काढली. सुरुवात कशी, तर एकदम गुळगुळीत. इतकी की मला स्वतःचा राग आला. मग कोपऱ्यापाशी तिनं ॲक्सिलरेटर सोडला आणि माझी मान पुढे गेली. गुडघा दांड्यावर आपटला.

"थांब!" मी ओरडलो.

"काय झालं?"

"ब्रेक मारलास?"

"नाही हो. नुसता हात सैल केला."

"परत कर."

तिनं परत केलं. या वेळी मी तिच्याकडे बघत होतो. हात सैल करायच्या आधी तिचा उजवा खांदा किंचित खाली आला, आणि मग झटका. दर वेळी तसंच. खांदा खाली, मग झटका.

तेव्हा उलगडा झाला. या नव्या डब्यात मोटरचा ब्रेक कंपनीतूनच चालू येतो. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर स्वतःच चाकं धरते, आणि त्यातून थोडी वीज बॅटरीत परत जाते. ते मला ठाऊक होतं. बॅटरी वाचते म्हणून मीच राहू दिलं होतं. पण हात ज्याचा असतो, त्याचं अंग आधीच तयार होतं. त्याला झटका लागतच नाही. मागे बसलेल्याला कोण सांगणार? मी सुरुवात हळू करत बसलो, आणि दुखणं होतं सोडण्यात.

मागे बसणाऱ्याला फक्त खांदा दिसतो. माझी बायको इतकी वर्षं माझा खांदा बघत बसली होती. मी थांबणार, वळणार, चिडलोय, सगळं तिला त्यावरून आधी कळत असणार. घरातही कळायचं तिला. मला वाटायचं, ही कशी ओळखते.

"भावोजी, बरं आहे ना?" धाकटीनं मागे वळून विचारलं.

"मोबाइल दे इकडे."

मोटरचा ब्रेक अगदी कमी केला. हळू केलेली सुरुवात उचलून मूळ जागेवर आणली. परत फिरलो. मान थोडी हलली. मी खिशातला पाना काढला आणि तिच्या मानेमागच्या दांड्यावर मारला. टण्.

धाकटी दचकली. मग तिनं गाडी बाजूला घेतली. मी आकडा आणखी कमी केला. पुन्हा फिरलो, पुन्हा टण्. तिचे डोळे आरशात दिसत होते. ते पुसायला तिनं एकदा गाडी थांबवली आणि म्हणाली, "डोळ्यात कचरा गेला. तुमचं चालू द्या."

शेवटी पाना हातात धरून बसलो, पण मारावा लागला नाही.

"आता एक ध्यानात ठेव," मी तिला सांगितलं. "हात सोडलास तरी गाडी पुढे जाणार. आता थांबायचं ते पायाच्या ब्रेकनं, आणि आधीपासून. चार्जिंगही थोडं लवकर उतरेल."

"उतरू दे. घरी जाईपर्यंत पुरलं म्हणजे झालं."

ती कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबायची सवय करत राहिली, आणि मी मागेच बसून होतो. उतरावंसं वाटेना.

दुपारी दवाखान्याच्या दारात दोन नर्सनी सासूबाईंना उचलून मागे बसवलं. पाय सरळ, दोन पायांच्या मध्ये उशी. त्या निम्म्या झाल्या होत्या. मी बाजूला बसलो आणि पाठीमागून हात घातला. थोरली गेल्यावर आम्ही दोघं एका ठिकाणी असे बसलोच नव्हतो. मीच जायचं टाळत होतो.

"जावईबापू, तुम्ही मागे?" त्या म्हणाल्या. "गाडी कोण हाकणार?"

"तुमची लेक."

"देवा," म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि माझा अंगठा घट्ट धरला. धाकटीनं एकदा मागे बघितलं. मी मान हलवली, तशी तिनं गाडी काढली. मी तिच्या खांद्यावरून नजर काढली नाही. फाटकापाशी खांदा खाली आला. मी सासूबाईंना आवळून धरलं. काहीच झालं नाही. गाडी नुसती हळू होत गेली.

सिग्नल गेला, पूल गेला, कापडाची दुकानं गेली. अंगठ्यावरची पकड सैल पडली. सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "कशाची वाट बघताय? निघू द्या की आता."

पुढे धाकटी जोरात हसली, आणि लगेच गाडी हळू केली, पायानं.

मी म्हणालो, "निघालो, आई. घर आलंच."

त्यांना घरात निजवून, चहा न घेता मी परत आलो. दमलो होतो. पोती गॅरेजबाहेर तशीच पडली होती. ती ओढून भिंतीला लावली. शटर अर्धं उघडं होतं, ते तसंच राहू दिलं.